पाचूचे पैलूकाम

पाचूचे पैलूकाम म्हणजे खाणीतून निघालेल्या कच्च्या पाचूचे परीक्षण करून, तो कापून, घासून व त्यास झिलई देऊन दागिन्यात बसविण्याजोगा खडा तयार करण्याची प्रक्रिया होय. पाचू हे बेरिल या खनिजाचे हिरवे रूप असून हिंदीत व रत्नांच्या व्यापारात त्यास पन्ना, तर संस्कृतात मरकत असे म्हणतात. पाचूचे स्फटिक बहुधा भेगायुक्त असतात, त्यांतील रंग सर्वत्र सारखा नसतो आणि एकदा केलेला छेद परत जोडता येत नाही. त्यामुळे कच्चा खडा कोठे कापावा, त्यातून एक रत्न घ्यावे की अनेक, त्यास कोणता आकार द्यावा आणि काही प्रसंगी तो कापावा की नाही, हे ठरविणे हा या कामातील सर्वांत कठीण भाग मानला जातो.

## कापणीवर परिणाम करणारे गुणधर्म

पाचू हे बेरिलियम व ॲल्युमिनियम यांचे सिलिकेट असून त्याचे रासायनिक सूत्र Be₃Al₂Si₆O₁₈ या घटकांनी, म्हणजे बेरिलियमचे ३, ॲल्युमिनियमचे २, सिलिकॉनचे ६ व ऑक्सिजनचे १८ अणू मिळून बनते. क्रोमियम आणि व्हॅनेडियम यांच्या अल्प अंशामुळे त्यास हिरवा रंग येतो. लोहाचे प्रमाण वाढल्यास रंगात निळसर झाक दिसते.

पाचूची कठिनता मोस मापश्रेणीवर ७.५ ते ८ आहे. क्वार्ट्झची कठिनता ७ असल्यामुळे साध्या धुळीने पाचू सहसा ओरखडत नाही. परंतु कठिनता आणि चिवटपणा हे दोन भिन्न गुण आहेत. अंतर्गत भेगांमुळे पाचू ठिसूळ ठरतो आणि आघाताने किंवा तापमानातील अचानक बदलाने तडकू शकतो. पैलूकाम करणाऱ्याला चिंता असते ती या ठिसूळपणाची.

पाचूचे स्फटिक षट्कोनी स्तंभाच्या आकाराचे असतात. स्तंभाच्या लांबीच्या दिशेने जाणाऱ्या रेषेस मुख्य अक्ष म्हणतात. पाचूचा अपवर्तनांक सुमारे १.५७ ते १.६० असतो व विशिष्ट गुरुत्व सुमारे २.७ असते. प्रकाशाचे सप्तरंगांत विभाजन करण्याची पाचूची क्षमता अल्प आहे. हिऱ्याप्रमाणे रंगांच्या ठिणग्या पाचूत दिसत नाहीत. त्याचे मोल मुख्यतः त्याच्या हिरव्या रंगावर ठरते. म्हणून हिऱ्याचे पैलू पाडताना तेजाला जे स्थान असते, ते पाचूच्या बाबतीत रंगाला दिले जाते.

## कच्च्या खड्याचे परीक्षण

पहिली पायरी खडा स्वच्छ करण्याची असते. कच्च्या पाचूस विक्रीपूर्वीच तेल लावलेले असणे ही सामान्य बाब आहे. तेलाचा अपवर्तनांक पाचूच्या अपवर्तनांकाच्या जवळचा असल्याने तेल भरलेल्या भेगा डोळ्यांस दिसत नाहीत. असे तेल योग्य द्रावकाने काढून टाकल्यावरच भेगांचे खरे स्वरूप उघड होते. तेल न काढता आखलेली कापणी चुकीच्या माहितीवर आधारलेली असते, आणि ही चूक खडा घासणीच्या तबकडीवर तुटल्यावर लक्षात येते.

यानंतर खडा तीव्र प्रकाशात, भिंगाखाली आणि पाण्यात बुडवून पाहिला जातो. कच्च्या खड्याच्या खडबडीत पृष्ठभागावर प्रकाश विखुरतो. पाण्यात हे विखुरणे कमी होऊन आतील भाग स्पष्ट दिसतो. पृष्ठभाग फारच अपारदर्शक असेल, तर त्याचा लहानसा भाग घासून व चकचकीत करून आत डोकावण्यापुरती 'खिडकी' उघडली जाते. या परीक्षणात पुढील बाबी नोंदविल्या जातात:

* भेगांची संख्या, त्यांची दिशा आणि त्या पृष्ठभागापर्यंत पोहोचतात किंवा नाही;
* आत अडकलेली खनिजे, द्रव व वायूचे बुडबुडे;
* रंग गडद कोठे व फिका कोठे आहे;
* मुख्य अक्षाची दिशा;
* संपूर्णपणे स्वच्छ असलेल्या भागाचे आकारमान.

पाचूच्या आतील भेगा व अंतर्भूत द्रव्ये यांच्या जाळीस फ्रेंच भाषेतील 'बाग' या अर्थाच्या शब्दावरून 'जार्दां' असे म्हणतात. ही द्रव्ये केवळ दोष नसतात, तर खड्याचे मूळ सांगणारा पुरावाही असतात. कोलंबियातील अनेक पाचूंमध्ये एकाच पोकळीत द्रव, वायूचा बुडबुडा आणि मिठाचा सूक्ष्म घन स्फटिक एकत्र आढळतात. झांबियातील पाचूंमध्ये अभ्रकाच्या पातळ पापुद्र्यांचे कण वारंवार दिसतात. सर्वथा निर्दोष पाचू अत्यंत दुर्मीळ असल्याने दोष पूर्णपणे काढून टाकणे हे उद्दिष्ट क्वचितच ठेवले जाते. कोणता दोष काढावा, कोणता कडेस न्यावा आणि कोणता राहू द्यावा, याचीच निवड करावयाची असते.

## निर्णयाचे घटक

### भेगा

पृष्ठभागापर्यंत पोहोचणारी मोठी भेग हा सर्वांत आधी विचारात घ्यावयाचा घटक होय. अशी भेग असलेला खडा घासताना किंवा कोंदणात बसविताना तुटण्याचा संभव असतो. शक्य असेल तेथे छेद भेगेच्या रेषेतूनच घेतात. त्यामुळे एरवीही दुर्बल असलेला भाग नष्ट होतो आणि दोन्ही बाजूंचे स्वच्छ तुकडे हाती येतात. भेग काढणे शक्य नसेल, तर ती टेबलच्या मध्यभागी येणार नाही अशी मांडणी केली जाते. तयार रत्नाच्या माथ्यावरील मोठ्या सपाट पैलूस टेबल म्हणतात. पाहणाऱ्याची दृष्टी प्रथम तेथेच पडते. भेगेचे टोक रत्नाच्या टोकदार कोपऱ्यावर येऊ देणे विशेष धोक्याचे असते.

### रंगाची वाटणी

अनेक पाचूंमध्ये गाभा फिका व बाहेरचा थर गडद असतो. असा खडा चारही बाजूंनी सारखाच घासल्यास सर्वांत मौल्यवान थर भुकटीच्या रूपाने वाहून जातो. म्हणून गडद थर रत्नाच्या तळाशी किंवा टेबलच्या लगत राहील असे नियोजन करतात. तळाशी असलेला रंग आतील परावर्तनांमुळे वरून पाहताना संपूर्ण रत्नभर पसरल्यासारखा दिसतो. रंगाचा असमान पट्टा मात्र टेबलच्या आडवा आल्यास रत्न दोन तुकड्यांचे बनविल्यासारखे भासते.

### स्फटिकाची दिशा

पाचूत द्विवर्णता आढळते, म्हणजे पाहण्याच्या दिशेनुसार त्याच्या रंगाची छटा बदलते. मुख्य अक्षाच्या दिशेने पाहिल्यास पिवळसर हिरवी छटा दिसते. अक्षाशी काटकोन करून पाहिल्यास पिवळसर हिरव्या व निळसर हिरव्या या दोन्ही छटांचे मिश्रण दिसते. टेबल अक्षाला समांतर ठेवल्यास रत्नात किंचित निळसर झाक उतरते; टेबल अक्षाला काटकोनात ठेवल्यास ती कमी होते. मुळातच निळसर असलेल्या खड्याच्या बाबतीत दुसरी दिशा उपयोगी ठरू शकते. डायक्रोस्कोप या लहान उपकरणाने दोन्ही छटा शेजारी शेजारी ठेवून पाहता येतात.

### वजन

रत्नांचे वजन कॅरेटमध्ये मोजतात. १ कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम. पैलू पाडताना कच्च्या खड्याचे निम्म्याहून अधिक वजन जाणे ही नित्याची गोष्ट आहे. समान दर्जाच्या पाचूंमध्ये मोठ्या रत्नाचा दर कॅरेटचा भाव लहान रत्नापेक्षा अधिक असतो. त्यामुळे शक्य तितके मोठे रत्न घेण्याकडे मालकाचा कल असतो. मात्र आकार वाढविण्यासाठी भेग आत ठेवली, तर दर्जा घसरून भाव खाली येतो. वजन आणि स्वच्छता यांतील हा विरोध प्रत्येक खड्याच्या बाबतीत नव्याने सोडवावा लागतो.

## एक नमुना उदाहरण

समजा, २० कॅरेट वजनाचा एक लांबट स्फटिक आहे. त्याच्या एका टोकापासून सुमारे एक-तृतीयांश अंतरावर आडवी भेग असून दूरच्या टोकाकडील रंग अधिक गडद आहे. येथे तीन मार्ग संभवतात.

पहिल्या मार्गाने भेग आत ठेवून सुमारे ८ कॅरेटचे एकच आयताकृती रत्न घेता येईल. ते दिसण्यास भव्य असेल, परंतु भेग टेबलखालीच राहील व रत्न तुटण्याची भीती कायम राहील. दुसऱ्या मार्गाने भेगेतूनच छेद घेऊन सुमारे ४.५ व १.५ कॅरेटची दोन रत्ने मिळतील. एकूण वजन कमी भरले, तरी मोठे रत्न स्वच्छ व गडद रंगाचे असेल. तिसऱ्या मार्गाने पैलू न पाडता घुमटाकार खडा केल्यास ११ कॅरेटपर्यंत वजन टिकेल. भेगही घुमटाच्या वक्रतेत काहीशी झाकली जाईल, मात्र दर कॅरेटचा भाव बहुधा कमी येईल.

दूरच्या टोकाकडील भाग खरोखर स्वच्छ असल्यास अनुभवी कारागीर दुसऱ्या मार्गाकडे झुकतो. तोही भाग बारीक भेगांनी भरलेला असेल, तर तिसरा मार्ग शहाणपणाचा ठरतो. वरील आकडे केवळ स्पष्टीकरणासाठी घेतले असले, तरी निर्णयाची रीत प्रत्यक्षात अशीच असते.

## आकाराची निवड

एमराल्ड कट. पाचूच्या इंग्रजी नावावरूनच ओळखला जाणारा हा आकार आयताकृती असून त्याचे चारही कोपरे छाटलेले असतात आणि पैलू पायऱ्यांप्रमाणे एकाखाली एक रचलेले असतात. स्तंभाकार स्फटिकातून असा आयत घेताना वजनाची नासाडी कमी होते. कोपरे छाटल्यामुळे ठिसूळ टोके उरत नाहीत. रुंद, सपाट पैलूंमुळे रंग शांतपणे व एकसारखा प्रकट होतो. मात्र याच सपाट पैलूंतून आतील दोषही स्पष्ट दिसतात. म्हणून हा आकार तुलनेने स्वच्छ खड्यास शोभतो.

अंडाकृती, गोल व थेंबाच्या आकाराचे खडे. खडा अनियमित असल्यास किंवा एखादा दोष कडेस असल्यास हे आकार सोयीचे पडतात. लहान लहान पैलूंची संख्या अधिक असल्याने प्रकाश विखुरतो व बारीक दोष लपतात.

कॅबोशॉन. वरून घुमटाकार, पैलूरहित असा हा खडा असतो. रंग उत्तम परंतु पारदर्शकता कमी, अशा पाचूसाठी हा आकार निवडतात. कोलंबियातील 'त्रापिचे' पाचूही बहुधा असाच घडवितात. या पाचूत मध्यापासून सहा काळसर आरे निघालेले दिसतात. उसाच्या चरकास स्पॅनिश भाषेत त्रापिचे म्हणतात. त्या चरकाच्या चाकाशी असलेल्या साम्यावरून हे नाव पडले. असा स्फटिक मुख्य अक्षाला काटकोनात कापला तरच सहा आऱ्यांची आकृती समोर येते. दिशा चुकल्यास त्याचे वैशिष्ट्यच नाहीसे होते.

मणी व कोरीव काम. भेगा पुष्कळ असलेल्या खड्यांचे मणी करतात किंवा त्यांवर पाने-फुले कोरतात. कोरीव कामाच्या रेषांत भेगा झाकल्या जातात आणि वजनही टिकते.

## कोनांचे गणित

रत्नात वरून शिरलेला प्रकाश तळाच्या पैलूंवरून परावर्तित होऊन पुन्हा वर आला, तर रत्न उजळ दिसते. त्यासाठी प्रकाशकिरण तळाच्या पैलूवर क्रांतिक कोनापेक्षा मोठ्या कोनात पडावा लागतो. पाचूचा क्रांतिक कोन सुमारे ३९ अंश आहे. हिऱ्याचा सुमारे २४.४ अंश आहे. म्हणजे प्रकाश आत राखण्याच्या बाबतीत पाचूत चुकीला हिऱ्यापेक्षा कमी वाव असतो. तळाच्या मुख्य पैलूंचा कोन सामान्यतः ४२ ते ४३ अंशांच्या आसपास ठेवला, तर प्रकाश वर परततो.

तळ उथळ राहिल्यास प्रकाश खालून निसटतो आणि मध्यभागी फिकी, आरपार दिसणारी जागा तयार होते. तिला व्यवसायात 'विंडो' म्हणतात. तथापि हा नियम रंगापुढे काही वेळा वाकविला जातो. फिक्या खड्यास मुद्दाम अधिक खोली देतात, कारण प्रकाशाचा आतील प्रवास लांबला की रंग गडद दिसतो. अतिगडद खडा उलट उथळ ठेवतात.

## प्रत्यक्ष काम

नियोजन पूर्ण झाल्यावर खड्यावर छेदाच्या रेषा आखतात. हिऱ्याची भुकटी बसविलेल्या पातळ, फिरत्या पात्याने खडा कापला जातो. पाते जितके पातळ, तितकी भुकटीत जाणारी घट कमी. कापलेल्या तुकड्यास घासून अंतिम आकाराच्या जवळ आणण्याच्या क्रियेस घाट देणे म्हणतात. या टप्प्यावर नवी भेग उघडी पडल्यास मूळ योजना बदलण्याची अखेरची संधी असते. म्हणून जाणते कारागीर थोडे घासून, पुन्हा पाहून, मग पुढे जातात.

त्यानंतर तुकडा डॉप नावाच्या दांडीच्या टोकावर चिकटवितात. त्यासाठी तापविलेली लाख किंवा मेण वापरण्याची जुनी पद्धत आहे. भेगायुक्त पाचूस उष्णता बाधक असल्याने थंड अवस्थेत बसणारा गोंदही वापरतात. दांडी ठरावीक कोनात धरून फिरत्या तबकडीवर एकेक पैलू घासला जातो. घर्षणाची उष्णता कमी करण्यासाठी तबकडीवर सतत पाणी सोडतात. शेवटी सीरियम ऑक्साइड, ॲल्युमिना किंवा हिऱ्याची अतिसूक्ष्म भुकटी यांच्या साहाय्याने झिलई देतात.

## तेल भरणे व त्याची नोंद

तयार पाचूच्या भेगांत रंगहीन तेल किंवा राळ भरण्याची प्रथा जगभर आहे. देवदार वर्गातील वृक्षांपासून मिळणारे सीडार तेल यासाठी प्रसिद्ध आहे. अशा भरणीने भेगा दिसेनाशा होतात, मात्र त्या नाहीशा होत नाहीत. कालांतराने तेल सुकते किंवा झिरपून जाते आणि खडा निस्तेज दिसू लागतो. ध्वनिलहरींच्या यंत्राने, वाफेने किंवा गरम पाण्याने पाचू स्वच्छ करू नये असे सांगितले जाते ते याच कारणाने.

रंगहीन तेलाचा वापर व्यापारात मान्य असला, तरी तो ग्राहकास सांगणे अपेक्षित असते. हिरवा रंग मिसळलेले तेल भरून फिका खडा गडद भासविणे ही फसवणूक समजली जाते. रत्नपरीक्षण प्रयोगशाळा आपल्या प्रमाणपत्रांत भरणीचे प्रमाण किरकोळ, मध्यम किंवा लक्षणीय अशा श्रेणींत नोंदवितात. या श्रेणीचा संबंध पैलूकामातील मूळ निर्णयाशी आहे. वजन वाचविण्यासाठी जितक्या भेगा आत ठेवल्या जातात, तितकी पुढे भरणीची गरज वाढते.

## इतिहास व केंद्रे

भारतीय परंपरेत पाचूची गणना नवरत्नांत होते. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत रत्नपरीक्षेच्या प्रकरणांमध्ये मरकताचा स्वतंत्र विचार आहे. सोळाव्या शतकात स्पॅनिशांनी कोलंबियातील खाणींचा ताबा घेतल्यानंतर तेथील मोठे पाचू व्यापारमार्गांनी मुघल दरबारापर्यंत पोहोचले. मुघलकालीन कारागिरांनी अशा खड्यांना अनेक पैलू पाडून वजन घटविण्यापेक्षा त्यांचे रुंद पृष्ठ राखून त्यांवर लेख व फुले कोरणे पसंत केले. 'मोगल मुघल' या नावाने प्रसिद्ध असलेला २१७.८० कॅरेटचा आयताकृती पाचू हे याचे ठळक उदाहरण आहे. त्यावर हिजरी ११०७, म्हणजे इ. स. १६९५-९६ हे वर्ष कोरलेले असून एका बाजूस प्रार्थना व दुसऱ्या बाजूस फुलांची नक्षी आहे.

राजस्थानातील जयपूर हे पाचूच्या पैलूकामाचे जगातील एक प्रमुख केंद्र आहे. १७२७ मध्ये सवाई जयसिंह यांनी वसविलेल्या या नगरात जवाहीर व रत्नकारागीर यांना आश्रय मिळाला. तेथील जोहरी बाजार आजही रत्नव्यापारासाठी ओळखला जातो. झांबिया, ब्राझील इत्यादी देशांतील कच्चा पाचू येथे येतो व तयार होऊन बाहेर जातो. राजस्थानात १९४३ मध्ये पाचूचे साठेही आढळले.

तयार रत्नाचीही पुन्हा कापणी होऊ शकते. बडोद्याच्या गायकवाड संस्थानातील महाराणीच्या कंठ्यात असलेला एक कोलंबियन पाचू पूर्वी ३८.४० कॅरेटचा होता. हॅरी विन्स्टन या जवाहिराच्या पेढीने त्यास पुन्हा पैलू पाडल्यावर त्याचे वजन ३७.८२ कॅरेट झाले. हा 'चॉक पाचू' १९७२ मध्ये अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेस देण्यात आला.

## न कापण्याचा निर्णय

काही वेळा कच्चा खडा जसाच्या तसा ठेवणे हाच योग्य निर्णय ठरतो. कोलंबियातील गाचाला येथे १९६७ मध्ये सापडलेला ८५८ कॅरेटचा स्फटिक रंगाने व आकाराने इतका उत्कृष्ट होता की तो कापला गेला नाही. हॅरी विन्स्टन यांनी १९६९ मध्ये तो स्मिथसोनियन संस्थेस दिला. उत्तम रंगाचा, मोठा व सुघड स्फटिक निसर्गात दुर्मीळ असतो. तो कापल्यास रत्ने मिळतात, परंतु स्फटिकाचा नैसर्गिक आकार व त्याबरोबर असलेली भूवैज्ञानिक माहिती कायमची नष्ट होते.

झांबियातील कागेम खाणीत २०१८ मध्ये 'इंकालामू' म्हणजे सिंह या नावाचा ५,६५५ कॅरेटचा, तर २०२१ मध्ये 'चिपेम्बेले' म्हणजे गेंडा या नावाचा ७,५२५ कॅरेटचा स्फटिक सापडला. एवढ्या मोठ्या स्फटिकांच्या बाबतीत मालकापुढे प्रथम हाच प्रश्न असतो की त्यातून अनेक रत्ने घ्यावीत की तो अखंड राखावा.

## इतर हिरव्या खनिजांशी तुलना

पाचूस लागू पडणारे नियम प्रत्येक हिरव्या खड्यास लागू पडत नाहीत. हिरव्या टुर्मलीनमध्ये मुख्य अक्षाच्या दिशेने पाहिल्यास रंग अनेकदा काळपट दिसतो. त्यामुळे टेबल अक्षाला समांतर ठेवणे जवळजवळ अपरिहार्य असते. पेरिडॉटमध्ये द्विअपवर्तन तीव्र असल्याने चुकीच्या दिशेने कापल्यास मागील पैलूंच्या कडा दुहेरी दिसतात. डिमँटॉइड या हिरव्या गार्नेटमध्ये दिशेचा प्रश्न उद्भवत नाही, आणि त्यातील घोड्याच्या शेपटीसारखे तंतू दोष असूनही ग्राहकांना हवे असल्याने जपले जातात. जेड हे अतिशय चिवट असल्यामुळे त्यावर नाजूक कोरीव काम करता येते.

महाराष्ट्रात दख्खनच्या बेसाल्ट खडकांतील पोकळ्यांत, विशेषतः पुणे परिसरात, हिरव्या अपोफिलाइटचे सुंदर स्फटिक आढळले आहेत. त्याची कठिनता केवळ ४.५ ते ५ असून ते एका दिशेने सहज सपाट फुटते. त्यामुळे त्यास पैलू पाडण्याचे धाडस क्वचितच केले जाते आणि जगभरातील संग्रहालयांत ते न कापलेल्या, नैसर्गिक स्फटिकांच्या रूपातच जतन केलेले दिसते.